कार्ट्रिजमधला सेल

कार्ट्रिज रिकामं आहे हे कळलं, तो ड्रायव्हरबाईंच्या सुट्टीचा दिवस होता. एरवी त्या शहरभर बस फिरवायच्या, आठवड्यातून एक दिवस मोकळ्या असायच्या. घड्याळजीची बायको होती तेव्हा त्या दिवशी दोघी मागच्या खोलीत बसून गाणी करायच्या. ती गेल्यानंतर बाई पहिल्यांदाच आल्या होत्या. दुकानाच्या पायरीवर जराशा घुटमळल्या आणि मग म्हणाल्या, "भाऊजी, येऊ का?"

"विचारताय काय? या की."

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. काचेचं कपाट, टेबल, टेबलावर दिवा आणि भिंतीवर दुरुस्त होऊनही कुणी न्यायला न आलेली घड्याळं. मागच्या खोलीत मोठं टेबल होतं. त्याच्या एका टोकाला तो दुपारी घड्याळं घेऊन बसायचा, दुसऱ्या टोकाला बायको. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर कामाला होती आणि दुपारनंतर घरी यायची.

त्याने कपाटातून बायकोचं मशीन काढलं. खेळायचंच मशीन, तळहाताएवढं, मूळचं करडं पण आता पिवळट पडलेलं. मुलीने लहानपणी त्यावर उड्या मारायचे खेळ खेळून बटणं पार गुळगुळीत करून टाकली होती. मुलगी मोठी झाली, परगावी नोकरीला लागली, आणि माळा आवरताना ते बायकोच्या हाती आलं. "भंगारात देऊ?" असं तिने ड्रायव्हरबाईंना विचारलं आणि तिथेच सगळं सुरू झालं. या मशीनमध्ये खेळाचे आवाज काढणारी एक चिप असते. खेळाच्या कार्ट्रिजऐवजी, म्हणजे मागे बसवायच्या चपट्या डबीऐवजी, खास कार्ट्रिज घातलं की त्याच चिपवर आपली गाणी करता येतात, हे बाईंना माहीत होतं. बाई स्वतः ते कधीपासून करत होत्या.

त्या चिपला आवाज फक्त चार. दोन टोकदार, एक जाड आणि चौथा नुसता खरखरीचा. बायकोने त्यांची नावं ठेवली होती: थोरली जाऊ, धाकटी जाऊ, सासरेबुवा आणि भांडी. "दोघी जावा सतत बोलतात," ती म्हणायची, "सासरेबुवा कधीतरी एकदा हुं करतात आणि कुणी ऐकेना की मग भांडी आदळायची." बाईंचं मशीन आणि तिचं मशीन वायरने जोडलं की दोन्ही एका ठेक्यात चालायची. मग दोन घरं समोरासमोर राहायला आल्यासारखी बोलायची.

बाईंनी वायर जोडली. दोन्ही मशीनं चालू केली. बाईंच्या पडद्यावर गाण्यांची नावं आली. बायकोच्या मशीनवर नुसत्या रेघा आल्या.

"परत लावून बघा," तो म्हणाला. "फुंकर मारा जरा. धूळ बसते."

बाईंनी कार्ट्रिज काढलं, फुंकलं, परत लावलं. रेघाच.

"सेल गेला असणार," बाई हळूच म्हणाल्या. "आत एक बटण सेल असतो ना. मीच उशीर केला भाऊजी. यायला हवं होतं मी, पण पायच उचलेना."

"छे हो! सेल कुठला जातोय? नवा कोरा घातलाय मी."

बाईंनी मान वर केली. "कधी?"

"झाला की महिना. जुना फुगायला आला होता, आणखी थोडे दिवस गेले असते तर फुटून आतली सगळी सर्किटची पट्टी खाल्ली असती त्याने. उघडलं, जुना काढला, साफ केलं आणि नवा डाख देऊन बसवला. आता पुष्कळ वर्षं बघायला नको." एवढं सगळं तो एका दमात बोलला. कामाचं कौतुक करून घ्यायची त्याला सवय नव्हती, पण या कामाचं मात्र कुणीतरी करावं असं त्याला वाटत होतं.

"असं का," बाई म्हणाल्या.

तो 'असं का' त्याने लगेच ओळखला. कारण हा आवाज त्याचाच होता. घरी सुरीने घड्याळ उघडून आतल्या चाकांची वाट लावून कुणी दुकानात आलं की तो याच आवाजात म्हणायचा, असं का.

"काय झालं?"

"काही नाही हो. जुनी मशीनं ही, कशानेही बिघडतात."

"ताई, हेच मी गिऱ्हाइकांना सांगतो. खरं काय ते बोला."

बाईंनी वायर गुंडाळली, परत सोडली. "गाणी त्या सेलवरच असतात," त्या म्हणाल्या. "म्हणजे आत जे साठवलेलं असतं ना, ते तो सेल धरून ठेवतो. मशीन बंद असलं तरी. सेल निघाला की सगळं पुसलं जातं. बदलायचा असेल तर आधी बाहेरून करंट द्यायचा आणि मग जुना काढायचा."

तो टेबलाकडे बघत राहिला. बाहेरून करंट द्यायचं साधन त्याच टेबलावर होतं. दोन चिमटे लावायचे, बस्स. माहीत असतं तर डोळे झाकून केलं असतं.

त्याला दोष तरी कसा द्यायचा? घड्याळात सेल बदलला की काही जात नाही. काटे थांबतात, नवा घातला की चालतात, वेळ तेवढी लावून घ्यायची. ज्याच्याकडे तो धंदा शिकला त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, थांबलेल्या घड्याळात जुना सेल ठेवायचा नाही, तो फुटला तर घड्याळ गेलं. हे त्याच्या हाडात भिनलं होतं. बायको गेल्यावर भेटायला येणारी माणसं यायची थांबली, आणि हातांना काय करावं ते कळेना. मग त्याने घरातल्या तिच्या एकेक वस्तूचा सेल बदलला. तिचं मनगटी घड्याळ, तिचा गजर, टॉर्च, स्वयंपाकघरातला वजनकाटा. या वस्तू आता कोण वापरणार, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही. आपल्या हयातीत तिचं काही बंद पडू द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. सगळ्यात शेवटी त्याने कार्ट्रिज उघडलं. त्यावर सर्वांत जास्त जीव ओतला. ती गेल्यानंतर त्या दिवशी पहिल्यांदा तो नीट जेवला होता.

"कॉपी?" त्याने विचारलं. "कुठेतरी कॉपी असेलच की."

"मी किती वेळा म्हटलं तिला. म्हणायची, पूर्ण झालं की काढू. पोर पोटात असताना कुणी फोटो काढतं का म्हणे."

त्याला हसू आलं. ती असंच बोलायची.

जे गेलं त्यातलं बाकीचं किरकोळ होतं, शिकत असतानाचं. पण एक गाणं दोघी वर्षभराहून जास्त काळ करत होत्या. त्याचं नाव होतं 'पुढचा नंबर'. दवाखान्याच्या खिडकीतून दिवसभर ती हेच दोन शब्द ओरडायची, म्हणून. निम्मं गाणं बाईंच्या मशीनमध्ये होतं, निम्मं तिच्या. पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या वरच्या खोलीत अशी गाणी करणाऱ्या लोकांचा मेळावा होता आणि तिथे ते वाजवायचं ठरलेलं होतं. ती गेली तरी बाईंनी नाव काढलं नव्हतं. मशीन भाऊजी धरतील, असं त्यांनी परस्पर कळवूनसुद्धा टाकलं होतं.

"माझा अर्धा भाग आहे," बाई म्हणाल्या. "ऐकता?"

त्यांनी लावलं. सासरेबुवा हुं करत चालले होते, मागे भांडी. मध्येच धाकटी जाऊ काहीतरी बोलायची आणि गप्प व्हायची. परत बराच वेळ काही नाही. फोनवर बोलणाऱ्या माणसाशेजारी बसल्यासारखं वाटत होतं. इकडची उत्तरं कानावर येत होती, तिकडचं माणूस काय म्हणतंय ते नाही.

"इथे ती यायची," बाई मधूनच बोट उचलून सांगायच्या. "आणि इथे. आणि हा सगळा भाग तिचाच, मी नुसता ठेका धरलाय."

गाणं संपलं. बाई त्याच्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्ही रोज याच टेबलावर असायचात. कानावर पडलं असेलच. सूर चुकला तरी चालेल, नुसतं गुणगुणा. मी धरते बरोबर."

त्याने प्रयत्न केला. खरंच केला. डोळे मिटले. आठवली ती तिची बोटं. बटणांची टकटक आठवली. काही जमत नसलं की खालचा ओठ दाताखाली धरायची, ते आठवलं. सूर एकही आठवला नाही. कारण सुरुवातीलाच तो म्हणाला होता, "अगं, ते टीं टीं बंद कर बाई, इथे माझा हात हलतो." दुसऱ्याच दिवशी ती कानात घालायच्या वायरी घेऊन आली आणि त्यानंतर गाणं तिच्या कानातच राहिलं.

कधीतरी ती एक वायर त्याच्यापुढे धरायची. "अहो, ऐका ना, हे कसं वाटतंय?"

डोळ्याला भिंग, चिमट्यात स्क्रू. "छान आहे," तो म्हणायचा.

"अजून कानात घातलंच नाहीये तुम्ही!"

"मग घाल ना. छानच असणार."

"राहू दे. तुमचं ते घड्याळ बरं होऊ दे आधी." तिला राग यायचा नाही. निदान तिने तो कधी दाखवला नाही.

"टकटक आठवते," त्याने बाईंना सांगितलं. "बटणांची. त्यावरून काही करता येईल?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. "ती सूर भरतानाची टकटक, भाऊजी. गाण्याशी तिचा संबंध नसतो."

बाई गेल्यावर त्याने मुलीला फोन लावला.

"बाबा? या वेळी? बरे आहात ना?"

"बरा आहे. तुझ्या आईचं गाणं तुझ्याकडे आहे का? मशीनवरचं?"

"माझ्याकडे कुठून? मशीनमध्ये असेल की."

"नाही. मी सेल बदलला, त्यात गेलं."

आता ही रागावून बोलणार, असं समजून त्याने मन घट्ट केलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही?" मुलगी म्हणाली. "सेल बदलताना? तुम्ही बाबा?"

"हो. मीच."

"जेवलात का?"

"विषय बदलू नकोस."

"बदलत नाहीये. जेवलात का ते सांगा आणि मला उद्यापर्यंत वेळ द्या. आईचे सगळे आवाजी निरोप मी ठेवलेत. एकात मागे काहीतरी वाजतंय असं वाटतं. नीट ऐकलं नाहीये मी. ऐकवत नाही मला ते."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळी निरोप आला. त्याने शटर अर्धंच वर केलं आणि स्टुलावर बसून तो लावला.

"अगं, ऐकतेस ना?" बायको म्हणाली. "तुझी पिवळी छत्री इथेच राहिलीये, उगीच तिकडे शोधत बसू नकोस. आणि मोज्यांचं काय झालं? बदलून घेतलेस का? नाही घेतलेस, मला माहितीये. बरं, मागे वाजतंय ते ऐक. माझं आणि पायलटचं आहे ते." बाईंना ती पायलट म्हणायची. "आज वायरी सापडेनात म्हणून मोठ्यानेच लावलंय. आता बघ हं, दोघी जावा कशा एकमेकींच्या उरावर बसतात ते. थांब, आलंच, ऐक..."

आणि मग एका पुरुषाचा आवाज आला. "अगं, बारीक कर ना ते! गिऱ्हाईक आहे इथे!"

"बघ, आलं फर्मान," बायको हसत म्हणाली. "बाकीचं तू आलीस की ऐकवते." टक. निरोप संपला.

तो पुरुष तोच होता. गिऱ्हाईक कोण होतं, कुठलं घड्याळ घेऊन आलं होतं, त्याला काही म्हणजे काही आठवेना. त्याने निरोप परत लावला. परत लावला. दर वेळी या खेपेला मागचं गाणं ऐकायचं असं ठरवायचा आणि दर वेळी छत्रीचं, मोज्यांचं ऐकत बसायचा. ती बोलत होती आणि त्याचा कान तिच्यापासून सुटतच नव्हता. शेवटी त्याच्या लक्षात आलं की ती जे ऐक म्हणून सांगतेय, ते आपण आत्ताही ऐकत नाही आहोत.

पुढच्या सुट्टीला बाई आल्या तेव्हा त्याने फोन त्यांच्या हातात दिला आणि त्यांना सांगून टाकलं, "शेवटी माझा आवाज आहे. आधीच सांगतो."

बाईंनी ऐकलं. फर्मानापाशी त्यांची नजर टेबलावरून हलली नाही, यासाठी त्याने मनात त्यांचे आभार मानले.

"पुरेसं आहे," त्या म्हणाल्या. "सुरुवातीचा भाग येतो यात. ती बोलते त्याच्या खाली दबलाय, पण निघेल. भाऊजी, तुम्ही मात्र पुढे जाऊन बसा."

"का? मी काही बोलत नाही."

"बोलत नाही, पण नाक ओढता. तो आवाज मला थोरली जाऊच वाटतो."

तो पुढे जाऊन बसला. मागून तिचा आवाज थांबत थांबत येत राहिला. छत्री. छत्री. छत्री इथेच. मोज्यांचं. मग बटणांची टकटक. बाई एकेक सूर त्या बोलण्याखालून उपसून काढत होत्या आणि बायकोच्या मशीनमध्ये भरत होत्या. बसच्या चाकावर आयुष्य काढलेल्या माणसाचा धीर होता तो. संध्याकाळी त्यांनी हाक मारली तेव्हा सुरुवात भरून झाली होती, आणि कशालाही हात लावण्याआधी त्यांनी तिची कॉपी काढून ठेवली होती.

"आता दोन्ही एकत्र ऐका," त्या म्हणाल्या.

या वेळी त्याच्या डोळ्याला भिंग नव्हतं. थोरली जाऊ सरळ आली, खिडकीतून हाक मारल्यासारखी. बाईंच्या धाकटीने उत्तर दिलं. थोरलीने तेच परत विचारलं, जरा वर चढून. त्याला एकदम कळलं की हे गमतीदार आहे. त्याची बायको गमतीदार गाणं करत होती. इतकी वर्षं तो समजत होता की मन रमवायला काहीतरी चाललंय. आणि दोघी आता भांडणार, इतक्यात थोरली गप्प झाली. पुढे सासरेबुवा एकटेच हुं करत राहिले.

"निरोप इथेच संपतो," बाई म्हणाल्या.

"म्हणजे मी ओरडलो तिथे."

बाईंनी मशीनं बंद केली. मग म्हणाल्या, "पुढचं मी अंदाजाने भरू शकते. माझी उत्तरं आहेतच, त्यावरून प्रश्न जुळवायचे. कुणाला कळणारही नाही."

"तिने काय केलं होतं, ते आठवतंय तुम्हाला?"

"तुकडे आठवतात. पण ती दर आठवड्याला बदलायची. मी धाकटीला रागवायला लावावं तर ही थोरलीला हसायला लावणार. तिचं पुढचं मला कधी ओळखताच आलं नाही. म्हणून तर मी सुट्टीचा दिवस इथे घालवायचे, नाहीतर घरी झोपले नसते?"

"मग नको," तो म्हणाला. "आहे तेवढंच वाजवू."

मेळाव्याच्या दिवशी वाचनालयाच्या वरच्या खोलीत खुर्च्या भरल्या होत्या. बहुतेक माणसं त्याच्या मुलीच्या वयाची, टेबलांवर जुनी मशीनं आणि वायरींचा गुंता. बाईंनी त्याला सांगितलं होतं, मी मान हलवली की हे बटण दाबायचं. त्यांची मान हलली आणि त्याने बटण दाबलं. थोरली जाऊ आली. खोलीत एक-दोघं हसली, बरोबर त्याच जागी, जिथे हसायला हवं होतं. मग ती गप्प झाली, आणि बाईंचं निम्मं गाणं एकट्यानेच शेवटापर्यंत गेलं. माणसं अजिबात हलली नाहीत. संपल्यावर टाळ्या पडल्या.

खाली उतरताना जिन्यात दाढीवाला एक मुलगा त्याच्याजवळ आला. "काका, कमाल आहे. तो आवाज मध्येच सोडून दिलाय ना, कुणाची हिंमत झाली नसती. कुणाची कल्पना?"

घड्याळजीला हो म्हणून पुढे जाता आलं असतं. "कल्पना नाही," तो म्हणाला. "पुढे होतं. माझ्या हातून पुसलं गेलं."

मुलगा "अरेरे" म्हणाला आणि बाजूला झाला.

ड्रायव्हरबाई अजूनही सुट्टीच्या दिवशी येतात. आता तो दुपारी दुकान बंद ठेवतो आणि त्या काय करतात ते वायर कानात घालून ऐकतो. त्यांनी एकदा विचारलं, मग पुन्हा विचारलं, की 'पुढचा नंबर' पुरं करायचं का. दोन्ही वेळा तो म्हणाला, बघू. दोघी जावांच्या भांडणापासून पुढे त्या गाण्यात थोरलीचा एकही सूर भरलेला नाही.